ताईच्या रक्ताची काचपट्टी

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. माझी थोरली बहीण कंधारला राहायची, आईला सांभाळत घरीच बायकांचे कपडे शिवायची. दिवाळीनंतर तिला मशीनवर बसवेना. काही न लागता दंडावर काळेनिळे डाग उठायला लागले, तेव्हा मी तिला नांदेडला नेलं.

रक्त तपासायला दिलं तिथली डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. रिपोर्ट हातात न देता तिनं मला आत बोलावलं. "मॅडम, तुम्हीच बघा," म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकासमोरून उठली.

काचपट्टीवर तांबड्या पेशी विरळ होत्या. मधेमधे मोठाल्या पांढऱ्या पेशी, तपासणीच्या रंगानं जांभळ्या दिसणाऱ्या, एकमेकींना खेटून. केंद्रकानं जवळजवळ अख्खी पेशी व्यापलेली, कडेला पेशीद्रवाची जेमतेम एक रेघ. फळ्यावर पेशीची आकृती मी वर्षानुवर्षं काढत आले होते. अशा पेशी रक्तात दिसू नयेत, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"पांढऱ्या पेशींमध्ये बहुतेक ह्याच आहेत," ती खाली बघत म्हणाली.

ताई बाहेर बाकावर बसली होती. "काय दिसलं गं? खरं सांग."

मी फायलीच्या पाठीवर गोल काढला, मधे केंद्रक. "पेशीनं काय करायचं ते इथं ठरतं. तुझ्या पांढऱ्या पेशींत तिथंच बिघाड झालाय. त्या काम करत नाहीत, नुसत्या वाढतात. चांगल्यांना जागाच राहत नाही."

सवयीनं मी तंतुकणिकाही काढल्या होत्या. तिनं बोट ठेवलं. "ह्या काय हायत?"

"पेशीला लागणारी शक्ती ह्या तयार करतात."

"मंग मला उठवंना कसं?"

"त्यांना प्राणवायू लागतो. तो पोचवणाऱ्या तांबड्या पेशी कमी झाल्यात."

तिनं फाईल आकृती खाली करून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "आईला ह्यातलं काही सांगू नको. अशक्तपणा हाय म्हण."

उपचार सुरू केले, पण लागू पडले नाहीत. उन्हाळा लागायच्या आत ताई गेली.

तिसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "अशक्तपणानं माणूस मरतं का गं?"

मी सगळं सांगितलं.

"तिला ठावं होतं?"

"हो."

"म्हंजे मलाच न्हाई सांगितलं."

तेराव्यापर्यंत आई माझ्याशी बोलली नाही. आता बोलते. पण प्रत्येक फोनवर मला कुठं काही दुखतंय का, हे दोनदा विचारते, आणि मी नाही म्हटलं तरी तिचा विश्वास बसत नाही.