माझ्या नावाची दुसरी

ऑफिसच्या एचआर मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, बढतीचं काहीतरी असेल. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही दुसरीकडेही नोकरी करता, हे आम्हाला कधी सांगणार होतात?"

नागपूरहून मी बेंगळुरूला आले तेव्हापासून याच एका कंपनीत आहे. पण माझ्या पीएफ खात्यात आणखी एका कंपनीकडून पैसे जमा होत होते. तिथे माझ्या नावाने, माझ्याच पॅन नंबरवर कोणीतरी कामाला होतं. मी नाही, असं परोपरीने सांगितलं. त्यांनी लॅपटॉप काढून घेतला आणि चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं. मी बॅग आवरत होते तेव्हा माझी सगळी टीम माना खाली घालून टायपिंग करत होती.

लिफ्टमध्येच मी ठरवलं, हे जिने किंवा ज्याने केलंय त्याला सोडायचं नाही. रडायचं नंतर बघू.

घरी येऊन आधी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, सगळे पासवर्ड बदलले. माझ्या नावावर आणखी काय काय आहे ते शोधलं, तर मी कधी न मागवलेलं एक क्रेडिट कार्ड निघालं. बँकेला ते बंद करायला लावलं आणि तसं लेखी घेतलं. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाणं गाठलं.

"स्वल्प वेट माडी, मॅडम," हवालदार म्हणाले, म्हणजे थोडं थांबा.

"सरी," म्हणजे बरं, असं कन्नडमध्येच म्हणून मी त्यांच्या टेबलासमोरच बसले. त्यांनी दोनदा बाहेरचा बाक दाखवला. मी हलले नाही. संध्याकाळी तक्रार नोंदवून घेतली.

त्या दुसऱ्या कंपनीला ईमेलमागून ईमेल पाठवले. उत्तर नाही. मग एके सकाळी मीच हेब्बाळला त्यांच्या टेक पार्कमध्ये गेले. रिसेप्शनवरच्या मुलीला नाव सांगितलं. ती हसून म्हणाली, "या नावाच्या एक मॅडम आमच्याकडे पण आहेत."

"त्यांच्याचसाठी आलेय. पण आधी तुमच्या एचआरना बोलवा."

त्यांचे एचआर आले. मी पोलीस तक्रार आणि माझी मूळ कागदपत्रं पुढे ठेवली. त्यांनी लॅपटॉपवर ताडून पाहिलं. जन्मतारीख तीच, वडिलांचं नाव तेच, कॉलेज तेच. फोटो तेवढा वेगळा. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि मी तिला ओळखलं. माझी जुनी रूममेट, पुण्याची. आम्ही दोन वर्षं इथेच बेंगळुरूत एका फ्लॅटमध्ये राहिलो होतो. भाडेकराराचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं, म्हणून माझी सगळी कागदपत्रं तिच्याकडे गेली होती. मुलाखतींची तयारीही ती माझ्याच लॅपटॉपवर करायची.

तिला बोलावलं. ती दारात आली तेव्हा एचआरनी सवयीने तिला माझ्या नावाने हाक मारली, आणि ती "हो सर" म्हणाली. माझ्या अंगाची आग झाली.

मला पाहून ती खुर्चीत बसलीच. मराठीतून हळूच म्हणाली, "अगं, मला अनुभव नव्हता म्हणून कोणी घेत नव्हतं. काम तर मीच करत होते ना? तुझं काय गेलं?"

"तुला कळेलच," मी म्हणाले, आणि तेच एचआरना ऐकू जाईल असं इंग्रजीत पुन्हा सांगितलं. ती काय बोलली तेही भाषांतर करून सांगितलं, एक शब्द न गाळता.

त्याच दिवशी तिला काढलं. त्या कंपनीकडून मी लेखी घेतलं की त्यांच्याकडे काम करणारी बाई मी नव्हते. ते पत्र आमच्या एचआरना दिल्यावर ते म्हणाले, "झालं गेलं विसरा, उद्यापासून या."

"ज्या टीमसमोर मला घालवलंत, त्या टीमला आधी ईमेल करा," मी म्हणाले. त्यांनी केला. मी तो पूर्ण वाचला आणि मगच गेले. पीएफचं खातं निस्तरायला मात्र कित्येक महिने घालवावे लागले.

तिच्या आईचा पुण्याहून फोन आला. मी त्यांच्या घरी जेवलेली आहे. "लेकीचं आयुष्य वाया जाईल गं. तक्रार मागे घे."

"काकू, कुठल्या नावाची लेक म्हणता?" मी विचारलं. त्या रडायला लागल्या. मी फोन ठेवला आणि जेवायला बसले. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. नाही वाटलं.

आता कोर्टात केस चालू आहे. वकील म्हणतात, प्रत्येक तारखेला तुम्ही यायची गरज नाही. मी रजा टाकून जाते. चिकपेटच्या बाजारातून घेतलेली चांगली साडी नेसते आणि तिला दिसेन अशा जागी बसते. पुकारा होतो तेव्हा तिला तिच्या खऱ्या नावाने उभं राहावं लागतं. ती खाली मान घालते. मी बघत राहते.