मांजर, बायको आणि जुना पॉझिटिव्ह

आमच्या घरात रक्त कोणाचंही तपासलं तरी थकायचं मलाच असतं.

बायकोला, वैशालीला, चौथा महिना. घरात चिमी नावाची मांजर आहे म्हटल्यावर पांढुर्ण्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक जादा टेस्ट लिहिली. मांजरीपासून टॉक्सोप्लाझ्मा नावाची लागण होते. ती पूर्वी होऊन गेली का, हे रक्तातून कळतं म्हणे. दुपारी मोबाइलवर रिपोर्ट आला. त्यात दोन ओळी : पहिली पॉझिटिव्ह, दुसरी निगेटिव्ह. मी पहिलीच वाचली. (कोरोनापासून ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की माझं डोकं पुढे सरकतच नाही!)

घाबरून मी सौसरला सासूबाईंना फोन लावला. तीच माझी मोठी चूक. संध्याकाळच्या आत त्या पिशवीसकट दारात हजर!

“जवाईबापू, माही पोरगी दोन जीवांची, अन् तुमी मांजर मांडीवर घेऊन बसून राहिले?”

“आई, डॉक्टरीणबाईले तर विचारू दे!” वैशाली म्हणाली.

“विचारू मंग! आधी थे बला घराबाहेर काढा!”

बाळाला काही झालं तर, ही धास्ती मलाही होतीच. वाद कोण घालणार? चिमीला पिशवीत कोंबलं, पिशवी पाठीला अडकवली आणि मोटरसायकलनं तिगावला मित्राच्या संत्र्याच्या बागेत सोडून आलो. वाटेत तिनं माझी पाठ मनसोक्त बोचकारली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“अहो, पहिली ओळ जुन्या लागणीची. केव्हाचीच होऊन गेली ती, आता शरीर तिला ओळखतं. नवी लागण दाखवणारी टेस्ट निगेटिव्ह आहे. बाळाची काळजी नको. मांजरीची घाण तेवढी दुसऱ्यानं काढायची, हात धुवायचे.”

वैशालीला रडूच फुटलं. मलाही हायसं वाटलं, डोळे भरून आले. पण बाहेर पडताच ती डोळे पुसत म्हणाली, “आता माही चिमी आणा.”

“आत्ता? कालच तर...”

“हाव, आत्ता!”

पुन्हा तिगाव! बागेत पाच मांजरी, पाचही राखाडी! मित्र हसून म्हणाला, “वळखून घे बाप्पा तुही कोणती ते!” मी मोठ्या प्रेमानं “चिमे, चिमे” केलं. एक पायाशी आली. आपलं माणूस ओळखलं बिचारीनं, म्हणून मी गहिवरलो आणि पिशवी उघडली.

घरी सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं.

“जवाईबापू, हा तं बोका होय.”

वैशाली पोट धरून हसत सुटली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

“उद्या चिमीले आणायले मी येतो संग. अन् दवाखान्यातून बाळबी मीच आणीन. तुमी कोणाचंबी उचलून आणसान!”

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच चिमी ओळखून दिली; बाळाला अजून वेळ आहे. तोवर रोज सकाळी चहा घेताना मी चिमीचं तोंड नीट निरखून ठेवतो. निदान घरातलं एक तरी पाठ व्हावं!