कोऱ्या कूपनांचा हुरडा

शाळेच्या मागची अर्धा एकर जमीन उसाला बटईनं द्यायची, असं शाळा समितीनं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. कारण एकच, रानडुकरं. पोरांनी हातानं टोकलेला भुईमूग त्यांनी एका रात्रीत उकरून खाल्ला आणि अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, महिनाअखेरपर्यंत कुंपण उभं करा. नसता शेतीचा तास बंद." लातूरकडच्या मुरुडजवळच्या या शाळेत मी विज्ञान शिकवते, पण माझा सगळा जीव त्या तासात. पेरण्यापासून भाकरी भाजण्यापर्यंत पोरं सगळं तिथं शिकतात. तिथं ऊस लावल्यावर काय शिकणार, ट्रॉल्या मोजायला?

मी म्हटलं, आपणच पैसे उभे करू. लातूरच्या लोकांना हुरड्याला बोलवायचं, माणशी दोनशे रुपयांचं कूपन ठेवायचं आणि त्यातून तारेचं कुंपण घ्यायचं. शाळेच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे, ते आबा कणसं द्यायला लगेच तयार झाले. "पोरायसाठी हाय ना? मग न्या की," एवढंच म्हणाले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पेरणीला अजून स्वतः पाभर धरतो. मग मी माझ्या मते फार मोठं शहाणपण केलं. कूपनाच्या टेबलावर आबांनाच बसवलं. गावात शब्दाला मान, पैशाला चोख, आणखी काय पाहिजे?

रविवारी गाड्यांवर गाड्या आल्या. सातवीच्या पोरींनी आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली आणि गरम कणीस तळहातावर चोळून दाणे कसे काढायचे ते डॉक्टर-वकिलांना शिकवायला लागल्या. कुणी हात भाजून घेतला, कुणी शेंगदाण्याची चटणी तिखट लागली म्हणून नाक पुसत बसलं. बँकेतल्या एका साहेबांनी विचारलं, "यात ग्लुटेन असतं का?" पोरीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "न्हाई, थोडी राख असती." साहेबांनी तिसरं कणीस मागून घेतलं.

मी इकडून तिकडे नुसती मिरवत होते. मनातल्या मनात तार ताणून झाली होती, फाटकसुद्धा बसवलं होतं. दुपारी तीनला ऐटीत टेबलापाशी गेले, तर कूपनाचं पुस्तक तसंच कोरं. एकही फाडलेलं नव्हतं.

"आबा, हे काय?"

"न्हाई जमलं, बाई. शेतात पाय ठेवलेल्या माणसाला हुरड्याचे पैसे मागायचे? तोंडच उघडंना."

"अहो, पण लोक देत असतील की."

"देऊन राहिले होते. मी म्हणलं, आधी खा, मग बघू."

आमच्याकडं आगटी पेटली की वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. औसा तालुक्यात जन्म गेलाय माझा. पण कूपनं छापताना मी ते सोयीस्कर विसरले आणि नेमकं त्याच माणसाला टेबलावर बसवलं, ज्याला ते विसरता येत नव्हतं.

एवढा विचार त्या वेळी कुठला सुचायला? माझा राग फोडणीतल्या मोहरीसारखा, आधी तडतडतो. मी सगळ्या पोरांदेखत बोलले, "तुमच्या पाहुणचारापायी माझ्या पोरांची शेती बुडाली, आबा."

आबांनी खांद्यावरचा रुमाल झटकला. "येत्या रविवारी कुंपणाची इर्जिक हाय. आज आलेल्या सगळ्यायला सांगून ठेवलंय मी," एवढं बोलून बांध ओलांडून निघून गेले.

पूर्वी कुणाचं काम अडलं की गाव आपापली अवजारं घेऊन यायचं. मजुरी नाही, फक्त ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं. याला इर्जिक म्हणतात. पण ती गावातल्या गावात. लातूरची ही गाडीवाली मंडळी कुंपणासाठी बाभळीच्या काटेरी फांद्या तोडायला येणार होती होय? आठवडाभर मला धड झोप नाही. एकदा आबांचा राग यायचा, एकदा स्वतःची लाज वाटायची. लाजेचे दिवस जास्त होते.

रविवारी आठला पोचले तर आबा एकटेच कुऱ्हाड घेऊन बसलेले. माझ्याकडं एकदा बघितलं आणि कुऱ्हाडीला धार लावायला लागले. साडेआठ झाले. नऊ झाले. तेवढ्यात धुरळा उडवत पहिली गाडी आली आणि त्यातून बँकेतले साहेब उतरले. पायात पांढरे बूट, हातात कोराकरकरीत कोयता, त्यावर किमतीचं लेबल तसंच. "आबा म्हणाले होते, खाल्लंय तर यावं लागेल," म्हणाले.

निम्मे लोक आले असतील. निम्मे पुरले. बांधावरची बाभळ आणि बोर छाटून काट्या ओढल्या, पोरांनी खड्डे घेतले, आबांनी एकेक काटी उलटसुलट रोवायला शिकवली. दुपारपर्यंत छातीइतकं दाट कुंपण चारी बाजूंनी फिरलं. एक डॉक्टरीणबाई स्वतःच्याच बोटातला काटा काढत बसल्या होत्या. अध्यक्ष बघायला आले, हलवून बघायला कुंपणाला हात घातला आणि चटकन मागं घेतला. "राहू द्या तुमचा तास," म्हणाले.

पोरांनी शेतातच पंगत मांडली. काम त्यांचं, म्हणून वाढायचं त्यांनी. आबा भाकऱ्यांची दुरडी घेऊन पोरांबरोबर वाढत होते. माझ्यापुढं आले तशी मी उठून उभी राहिले. आठवडाभर घोकलेली माफी ओठांवर आली होती. म्हटलं, "आबा, मी त्या दिवशी..."

त्यांनी माझ्या ताटात भाकरी ठेवली. "आधी खा, बाई. मग बघू."

मी खाली बसले. भाकरी मोडून खाल्ली. मान वर केली तोवर आबा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते, साहेबांना पिठलं घ्यायचा आग्रह करत होते. ती माफी अजून मागायची राहिलीच आहे.