दाजींची प्रवेशबंदी

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, किल्ल्या बनवतात. त्यांच्या टपरीला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे त्यांची सगळी नाटकं मला फुकट बघायला मिळतात. कसलंही कुलूप असो, कान लावून, तार फिरवून दोन मिनिटांत उघडतात. पत्ते दिसले की मात्र त्यांची अक्कल गहाण पडते.

पूर्वी ते क्लबात पैसे लावून, पण बेतानं खेळायचे. आठवड्यातून एकदा, दोन तास, बस्स. मग दोनाचे चार झाले, आठवड्याचं रोज झालं. शेवटी ताईनं सांगितलं, "यापुढे एकदा जरी बसलात, तरी मी मुलींना घेऊन निघाले." ताई बोलते ते करते. दाजी घाबरले आणि आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखे वागले. क्लबात एक अर्ज मिळतो, 'मला वर्षभर आत घेऊ नका' असा. तो त्यांनी भरला, वर फोटो चिकटवला आणि दरवानाला बजावलं, "मी वाट्टेल ती थाप मारीन. कुणी मरतंय म्हणालो, तरी सोडू नका." मी तेव्हा पोट धरून हसलो होतो.

सात महिने सुरळीत गेले. मग एका दुपारी क्लबच्या मॅनेजरचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या पत्त्यांच्या खोलीचं लोखंडी दार लागलं होतं आणि किल्ली कुलपातच तुटली होती. बाकीचे खेळणारे डाव तसाच ठेवून चहाला बाहेर आलेले, आत एक म्हातारे गृहस्थ एकटेच. त्यांना दमा, आणि पंप बाहेर टांगलेल्या कोटात.

"दाजी, दुसऱ्या कुणाला तरी पाठवू या ना," मी म्हणालो.

"दुसरा कोण आहे इथं?" पेटी घेऊन ते माझ्या स्कूटरवर बसलेसुद्धा.

फाटकावर दरवानानं हात आडवा केला.

"अहो, म्हातारा आत गुदमरतोय!"

"असंच काहीतरी सांगाल, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"या वेळी खरं आहे!"

"तेही म्हणाला होतात, साहेब."

मी त्याच्यावर ओरडलो. त्यानं शांतपणे मॅनेजरला फोन लावला, तर तो व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. दाजींचा चेहरा पांढरा पडला होता. अचानक त्यांनी दरवानाकडे पाठ केली. "माझा शर्ट धरा मागून. बाहेर येईपर्यंत सोडायचा नाही."

त्यानं तो मुठीत धरला आणि तसेच आम्ही तीन जिने चढलो. मॅनेजर फोनवर ॲम्ब्युलन्ससाठी गयावया करत होता. आतून दारावर हलक्या थापा येत होत्या. दाजी गुडघ्यावर बसले तेव्हा त्या थांबल्या. तुटलेला तुकडा आकड्यात यायचा आणि निसटायचा. दोनदा निसटला. मला तर रडूच यायला लागलं. तिसऱ्यांदा कुलूप उघडलं.

म्हातारे भिंतीला टेकून बसले होते, ओठ निळे पडलेले. मॅनेजरनं पंप तोंडाला लावला. थोड्या वेळानं त्यांची छाती वरखाली होऊ लागली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

दाजी मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हते. टेबलावर अर्धा डाव पडला होता, चार जणांचे पत्ते पालथे. दाजींचा हात रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर गेला होता.

"चला, दाजी."

ते हलले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "ओढा ना मला. पाय निघत नाहीयेत माझे."

मी आणि दरवानानं त्या पन्नाशीच्या माणसाला काखेत धरून तीन जिने खाली आणलं. ते अडत नव्हते, पण स्वतःहून पाऊलही टाकत नव्हते. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटत होती.

रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "तुम्ही एक जीव वाचवलात. घरी गेल्या गेल्या ताईला सांगतो."

"सांग," दाजी म्हणाले. "पण मला ओढून काढावं लागलं, ते आधी सांग."