म्हाळूतात्यांचा कोळसा

म्हाळूतात्यांवर मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही, आणि तात्यांबद्दल लिहिण्याचा हक्क तर त्याहून नाही. तो का नाही, ते पुढे कळेल. चुकलं तर वाचणाऱ्यांनी पदरात घ्यावं.

तात्या धुऱ्यावर कधी पाय देत नसत. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आम्ही पोरं त्यावरूनच चालायचो. तात्या मात्र धोतर सावरून, काठी टेकून तो ओलांडायचे. एकदा मी विचारलं, "तात्या, कावून असं?"

"दोघांची जागा हाय ती, लेका. कुणा एकानं तिथं हुबं राहू न्हाई."

तात्या मेंढपाळ. शिरूर कासारच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे त्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. म्हणूनच हद्दीचं भांडण त्यांच्याकडे जायचं. ते म्हणायचे, "मला जमीन न्हाई, म्हणून माझी मान कुणीकडं वळत न्हाई." मेंढरांमागे फिरून त्यांना प्रत्येक दगड माहीत झाला होता. निवाड्याची त्यांची रीत ठरलेली. खूण दाखवणाऱ्याला तीनदा विचारायचे. मग त्याच जागेवरचं ढेकूळ डोक्यावर घेऊन ती रेघ अनवाणी चालायचे. ते चालले की भांडण मिटलं. त्यावर कोणी कोर्टात गेल्याचं मी ऐकलं नाही.

"शब्द खूण दाखवणाऱ्याचा, पाय माझे," ते म्हणायचे. "अन् ही माती डोक्यावर घेऊन खोटं चाललो, तर वरीस सरायच्या आत मी तिच्याखाली."

हे ते हसत हसत म्हणायचे. ऐकणारं कोणी हसत नसे.

दुसऱ्या वर्षाला मला कॉलेजात गावाविषयी प्रकल्प लिहायचा होता. दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन तात्यांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं बसतात त्या जागी, गेलो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तरी माझा आवाज ऐकून म्हणाले, "ये मास्तर. आता आमालाच शिकीव." मी विचारत गेलो, ते सांगत गेले. अन् त्यांनी कोणालाच न सांगितलेली गोष्ट मला सांगितली. त्यांच्या वडिलांनी गावातल्या प्रत्येक हद्दीच्या दगडाखाली हातभर खोल कोळसा पुरला होता. दगड हलवता येतो, पण त्याच्याखालचं कोणाला सुचत नाही. कोळसा कुजतही नाही.

"कुणाला सांगू नको बे. तू शिकलेला हाय, म्हणून सांगितलं."

मी ते वहीत लिहून घेतलं आणि घरी जाऊन दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं.

आमच्या घरामागे परस आहे. त्यात एक सीताफळ, दोन शेवगे. पलीकडे निवृत्तीकाकांचं परस, मध्ये बाभळीच्या काट्यांचं कुंपण. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, ते गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. पाच महिने घराला कुलूप. गावात अशा कितीतरी घरांची कुंपणं मागे सरकलेली दादांनी पाहिली होती. "आपून गेल्यावर तो सरकंल," ते म्हणाले. "त्याच्या आधी आपूनच सरकू."

निवृत्तीकाकांनी तोवर आमची काडीही घेतली नव्हती.

ऊसतोडीची टोळी निघायच्या आदल्या दिवशी काका बाजाराला गेले होते. भर दुपारी आम्ही दोघांनी दगड दोन हात पलीकडे नेला, कुंपणही नेलं. जुन्या जागेचा कोळसा उकरून फेकला. नव्या जागी आमच्या चुलीतला पुरला. ती अक्कल माझी. दादांना तर कोळशाचं सुचलंही नसतं.

पाडव्याला आईवडील परतले, तेव्हा काकांनी कुंपण ओढून जुन्या जागी लावलेलं होतं. दादा ओरडले, "माझ्या जागेत आला बे तू!" काका म्हणाले, "कुणाच्या जागेत कोण आलं, ते दगडाला इचार." दादांनी गाठोड्यातून कोयता काढला. माय त्यांच्या हाताला लोंबकळली. मला बीडला कॉलेजात फोन आला. मी पोचलो तेव्हा तात्या सीताफळाखाली बसले होते, अर्धं गाव जमलं होतं.

तात्यांनी दगडाखाली उकरायला लावलं. कोळसा निघाला. त्यांनी तो बोटांत चुरला, नाकाशी धरला, बराच वेळ धरला. नंतर उरलेला तुकडा धोतराच्या सोग्यात बांधला.

"वही कुणाकडं हाय?" त्यांनी विचारलं. मी पुढे झालो.

"तू सांग, मास्तर. दगड हितंच हुता का?"

"हो, तात्या."

"हितंच हुता?"

दादा माझ्याकडे बघत होते. कोयता अजून त्यांच्या पायाशी पडला होता. खरं बोललो तर तो कोणावर उठेल, हे मला कळत नव्हतं. आज वाटतं, ती माझी सबब होती.

"हो."

तात्या माझ्याजवळ आले. त्यांचे दुधाळ डोळे माझ्या तोंडावर नव्हते, खांद्यामागे कुठेतरी होते. हळूच म्हणाले, "लेका, आजून मी माती उचलली न्हाई. हुता का?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं, त्यांना ते दिसलं नसेल. म्हणून तोंडाने म्हणालो, "हुता."

त्यांनी चपला काढल्या, ढेकूळ डोक्यावर घेतलं आणि चालले. शेवटच्या शेवग्यापाशी थोडे अडखळले. कोणी धरायला गेलं नाही, तशी रीत नाही. निवृत्तीकाका एवढंच म्हणाले, "तात्या चालले. मिटलं." अन् स्वतःच्या हाताने कुंपण उपटू लागले. काटे त्यांच्या तळव्यात रुतत होते.

मी बीडला परतलो. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. दर फोनला मी मायला विचारायचो, तात्या कसे आहेत? "बरे हायेत की. तुला लई काळजी रे त्यांची." दिवाळी झाली. तात्या मेंढरं घेऊन तलवाड्याकडे उतरले, असं कळलं. पाडव्याला घरी जाऊन निवृत्तीकाकांना सगळं सांगायचं, असं मी ठरवत होतो. हे मी आधीही दोनदा ठरवलं होतं.

पाडव्याला सात दिवस होते, तेव्हा मायचा फोन आला. टोळी यंदा लवकर गावात परतली होती.

"तात्या गेलं रे. झाले दहा-बारा दिवस, तिकडंच, तलवाड्याकडं. मेंढरं पांगली म्हणून पुतण्या हुडकाया गेलता. धुऱ्यावर बसलेले सापडले म्हणं."

"धुऱ्यावर?"

"हां, वरच. वय झालतं. पुतण्या घरी येऊन गेला. फडक्यात बांधून कोळशाचा तुकडा दिलाय. तात्यानं सांगून ठिवलतं म्हणं, मास्तरला परत द्या, त्याच्याच चुलीतला हाय. कसला रे कोळसा? दादा तर त्याला हातबी लावंनात."