मास्तरांचा उजवा पाय

शनिवारी सकाळी मास्तरांनी बायकोला "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणून सांगितलं आणि रेल्वेत बसून थेट मोठं शहर गाठलं. जवळ एक पिशवी, पिशवीत एक सदरा. कंगवासुद्धा घरीच राहिला.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि वेळ आली की आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, हा त्यांचा धंदा. पण मास्तरांच्या मते वेळ कायमच आलेली असे. टीव्हीवर गाडी दिसली तरी त्यांचा उजवा पाय सतरंजीत रुतायचा. "पाय काढा हो, सिनेमा पुढे सरकू दे," असं बायको म्हणायची.

याच पायानं बुधवारी घात केला. परवान्याची परीक्षा त्यांच्याच लेकीची. परीक्षा घेणारे साहेब मागच्या सीटवर, मास्तर शेजारी, आणि मास्तरांनी हातपाय आवरून बसायचं असा नियम. पोरगी झकास चालवत होती. रस्त्याकडेला एक कुत्रं जांभई देत उभं होतं. नुसतं उभं. पण मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी गचकन थांबली आणि साहेबांचा चष्मा नाकावरून ओठावर आला.

"ब्रेक कुणी मारला?" साहेबांनी विचारलं.

कुत्र्यानंही मास्तरांकडेच पाहिलं.

लेक नापास. फेरपरीक्षा सोमवारी. पेशंटच्या घरी जाणाऱ्या नर्सची नोकरी तिला लागली होती, पण परवाना दाखवल्याशिवाय रुजू करून घेणार नव्हते, आणि सोमवारनंतर थांबणारही नव्हते. तेव्हापासून ती बापाशी आईमार्फत बोलत होती. "आई, बाबांना विचार, भाजी वाढू का." शुक्रवारी सरावाला बसले, तर प्रत्येक वळणावर मास्तरांचा पाय खाली. शेवटी तिनं भर रस्त्यात गाडी उभी केली, किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली आणि चालत घरी गेली.

म्हणून मास्तर पळून आले होते. गाडीत बसायचंच नाही, पायी फिरायचं, लोक बघतात ते सगळं बघायचं.

पण जीव कुठे थाऱ्यावर होता! घड्याळाच्या मनोऱ्याखाली माणसं माना वर करून टोले पडायची वाट बघत होती. मास्तर टोल्यांआधीच सटकले. राजवाड्यात गाइड गळा काढून सांगत होता, "आता डावीकडेऽऽ पाहा, इथे महाराज बसायचेऽऽ." मास्तरांना सिंहासनाला आरसे नाहीत तेवढंच दिसलं. मागून कोण येतंय ते महाराजांना कळायचं कसं? बागेतल्या बाकावर टेकले, उठले, दुसऱ्या बाकावर टेकले. तिथून नदीवरच्या नावाजलेल्या दगडी पुलाकडे निघाले.

पुलाच्या तोंडाशी पांढरे पट्टे होते. सिग्नल नाही, पोलीस नाही. माणसं खुशाल ओलांडत होती आणि गाड्या थांबत होत्या. मास्तर कडेला उभे राहिले. गाडी आली की पाय फरशीवर दाबायचे.

शेजारी फोटो काढून देणारी एक बाई उभी होती. "काका, मुंग्या आल्यात का पायाला?"

"ब्रेक मारतोय," मास्तर ओशाळून म्हणाले.

"कुणाच्या गाडीचा?"

"त्या लाल."

"ती थांबली की मघाशीच. तुम्हीच उशीर केलात." बाईनं कॅमेरा पुसला. "मी रोज असते इथे. तुम्ही नव्हता तेव्हाही थांबायच्या हो. फोटो काढू?"

मास्तरांनी फोटोला नको म्हटलं आणि दोन्ही पाय जवळ घेऊन उभे राहिले. एका गाडीत त्यांच्या लेकीएवढी मुलगी होती. ती आली, पट्ट्यांपाशी आपली आपण थांबली, गेली. लेकीनं स्वतः वेळेवर ब्रेक मारलेला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. तिचा पाय हलायच्या आत यांचा खाली. ती थांबायला शिकली होती की नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तिथूनच त्यांनी फोन लावला, तोही समोरच्याला. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक. इतकी वर्षं दोघं एकमेकांशी फक्त खाकरून बोलत.

"बोऽला मास्तर. गाडी बंद पडली का?"

"उद्या लेकीला सराव द्याल? आणि सोमवारी शेजारी तुम्हीच बसा."

"तुमची लेक. आमच्या गाडीत." समोरच्यानं शब्द चघळले. "गावाला काय सांगू?"

"काय सांगायचं ते सांगा. पण ब्रेक तुम्ही मारायचा नाही. तिला मारू द्यायचा."

"आणि गाडी ठोकली तर?"

"तुमची ठोकेल."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला, मग हसल्याचा. "पाठवा सकाळी."

मग घरी फोन. "कुठे आहात?" बायकोनं विचारलं.

"राजवाडा पाहिला. आता पुलावर आहे."

"इथे आम्ही दवाखाने पालथे घालतोय आणि हे राजवाड्यात," बायको कुणाला तरी म्हणाली.

मास्तरांनी समोरच्याचं सांगितलं. बराच वेळ नुसती कुजबुज. मग लांबून लेकीचा आवाज, "आई, बाबांना विचार, परत कधी येणार."

"तिला सांग, सोमवारी. परीक्षा झाल्यावर."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"बाबा," लेक म्हणाली, "तोवर तिथे काय करणार?"

"मनोरा बघायचा राहिलाय."

"खोली बघा आधी. आणि तिथूनसुद्धा पाय दाबू नका."

"नाही दाबत," मास्तर म्हणाले आणि पट्ट्यांवरून चालू लागले. पहिल्याच गाडीला दचकून परत फिरले, मग दुसऱ्यांदा निघाले.