घरटी एक नाव

चारित्र्याचा दाखला काढायचाय, असं मी घरात सांगितलं तेव्हा नवरा होडीचं इंजिन उघडून बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "तुझ्या चारित्र्यार कोणाक गो संशय इलो?"

"सरकाराक," मी म्हटलं.

तो हसला. मला हसू आलं नाही, कारण माझ्या नावावर पोलिसात गुन्हा आहे हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं आणि देवबागातल्या आमच्या अख्ख्या वाडीला माहीत होतं.

तालुक्याच्या गावी मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथे अधीक्षिकेची जागा निघाली होती. माझी बी.ए.ची पदवी लग्नाआधीची, इतकी वर्षं पेटीत साड्यांच्या खाली पडून होती. आमच्या घराच्या मागच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या, नवऱ्याची त्यांना फिरवायची होडी, यावर आमचं चालतं. पण मे संपला की खोल्याही बंद आणि होडीही बंद. मग पावसाळाभर आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसायचं, आणि दिवाळीच्या सुट्ट्या कधी येतात म्हणून वाट बघायची. पाहुण्यांच्या चादरी धुऊन धुऊन माझ्या हातांची सालं निघाली होती. बाराही महिने पगार येणारी, खुर्चीवर बसून करायची ती नोकरी मला हवी होती. अगदी मनापासून हवी होती. मुलाखतीत त्यांना मी पसंत पडले. फक्त पोलिसांचा दाखला आणा म्हणाले, शाळा सुरू व्हायच्या आत.

सेवा केंद्रातली मुलगी संगणकावर माझा अर्ज भरत होती. सर्व्हर दोनदा बसला, फोटो मोठा झाला, मग लहान झाला. 'आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे का' या प्रश्नापुढे तिने मला न विचारताच 'नाही' केलं आणि पुढे गेली.

"थांब गो बाय, तिथे 'हो' कर," मी म्हटलं.

तिने खुर्ची फिरवून माझ्याकडे बघितलं. "काकी, खरंच?"

"खरंच. सरकारी कामात अडथळा."

माझ्या मागे रांगेत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा असलेला माणूस एक पाऊल मागे सरकला. आता या वयात मी त्याचं काय करणार होते, देव जाणे!

तो गुन्हा कसा झाला ते सांगायला हवं. आमच्या वाडीत रापण आहे. म्हणजे समुद्रात लांबवर सोडलेलं भलं मोठं जाळं, सगळ्यांनी मिळून दोरीने किनाऱ्यावर ओढायचं. मासळीचे वाटे घरटी होतात. माणसं मोजत नाहीत, घरं मोजतात. सासरे गेल्यावर आमच्या घराचा वाटा सासूच्या नावावर होता. मी लग्न होऊन आले तेव्हा वाडीच्या रिवाजाप्रमाणे तो माझ्या नावावर झाला. सून आली की घराचं नाव तिचं. त्यानंतर दोरी ओढायला घरातलं कोणीही गेलं, तरी वाटे करणारा म्हातारा वाळूत उभा राहून माझंच नाव पुकारायचा. सासू 'ओ' म्हणायची आणि पाटी पुढे करायची. तिला त्यात काही वाटत नसे. मलाही नसे.

माझ्या मुलीच्या वेळी मी मिठबावला माहेरी गेले होते. दिवस भरले तशी मला कणकवलीच्या दवाखान्यात नेलं. नेमक्या त्याच दिवसांत बाहेरचे मोठे ट्रॉलर अगदी किनाऱ्याला चिकटून मासे मारायला लागले, आमच्या जाळ्यात केर येऊ लागला, आणि वाडीतल्या बायका मत्स्य खात्याच्या साहेबाची गाडी अडवायला रस्त्यावर बसल्या. पुरुषांना पोलीस मारतील, बायकांवर हात टाकताना विचार करतील, असा हिशोब. माझी सासू सगळ्यांच्या पुढे. तिने पाटीतली बारकी तारली मासळी जीपच्या बॉनेटवर ओतली आणि म्हणाली, "आज इतकीच गावली. ह्या तुमीच खावा." मग चाकासमोर मांडी घालून बसली, ती उठेचना.

संध्याकाळी पोलीस नावं लिहायला लागले. घरटी एक एक करून बायका नाव सांगत होत्या. सासूची पाळी आली. तिने माझं नाव सांगितलं.

मुद्दाम नव्हे हो. लबाडी तर तिच्या अंगातच नाही. इतकी वर्षं वाळूत ज्या नावाला 'ओ' म्हणत आली, तेच तिच्या तोंडून गेलं. मला ते समजलं तेव्हा माझ्या कुशीत चार दिवसांचं पोर होतं, आणि खरं सांगते, आम्ही सगळी पोट धरून हसलो होतो.

नंतर वकील म्हणाले, सगळ्यांचा जामीन एकदम करूया, आंदोलनाचे गुन्हे सरकार मागे घेतंच. आज घेतं, उद्या घेतं. मग तारखेला मी जायला लागले. नाव माझं, आणि सासूच्या गुडघ्यांनी तोवर दावा मांडलेला. ती घरी पोर सांभाळायची, मी कोर्टात जाऊन तिच्या वाटणीची हजेरी द्यायचे. घरातली कोणतरी गेली म्हणजे झालं, असंच सगळ्या धरून चालल्या होत्या. आम्ही बाया डबे घेऊन जायचो, व्हरांड्यात बसून गजाली मारायचो, पुढची तारीख घेऊन यायचो. त्या पोरीची उंची आता माझ्या खांद्याला लागते. सरकारने अजून काही मागे घेतलेलं नाही.

तर अर्जानंतर पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. सासू म्हणाली, मी येतंय. मी म्हटलं, तुमी कित्याक? ती म्हणाली, "मी सांगतंय तेंका. सरळ गोष्ट आसा." आणि तिने लुगडं बदललंसुद्धा.

ठाण्यात टेबलापलीकडे एक घाटावरची तरुण पोलीसबाई होती. स्वभावाने चांगली. सासूला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, शुद्ध मराठीत, कार्यालयात बोलतात तसं. तिने सासूला विचारलं, "आजी, मग तुम्ही स्वतःचं नाव का नाही सांगितलंत?"

"घराचा नाव विचारलानी, घराचा सांगलंय."

"घराचं नाही हो आजी, माणसाचं विचारलं होतं."

"मगे तांच मी सांगतंय ना!"

पोलीसबाईने माझ्याकडे बघितलं. मी रापण समजावली, वाटा समजावला, सुनेचं नाव समजावलं. तिने मान डोलावली, पण तिच्या डोळ्यांत काही उजाडलं नाही. तिचं तरी काय चुकलं? शेवटी ती म्हणाली, "ताई, रेकॉर्डला आहे तेच मला लिहावं लागणार. दाखला मिळेल, पण खाली शेरा येईल. दवाखान्याचा कागद असेल तर वकिलांना भेटा."

शेरा आला. गुन्हा न्यायप्रविष्ट. तो दाखला घेऊन मी वसतिगृहात गेले. तिथल्या बाईंनी तो चष्मा वर-खाली करत वाचला आणि माझ्यापुढे चहा ठेवला. चहा ठेवला तेव्हाच मी ओळखलं. "आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे हो," त्या म्हणाल्या, "पण पालक विचारतात. मुलींचा प्रश्न आहे. साफ दाखला आणा, थोडे दिवस जागा अडवून धरते." विश्वास फुकटचा असतो, तो कोणीही ठेवतं. मी चहा अर्धाच पिऊन उठले.

त्या दिवशी एसटीतून उतरून घरापर्यंत चालताना मला इतका कंटाळा आला होता की पिशवी वाटेत टाकून द्यावीशी वाटली. आणि घरात शिरल्या शिरल्या सासूने विचारलं, "झाला काय?" झालं! मी भडकले. इतक्या वर्षांत तिला उलटून बोलले नव्हते, ते सगळं एकदम बाहेर पडलं. "तुमी केलास आणि मी भोगतंय. स्वतःचा नाव तोंडात येणा नाय तुमच्या? जन्मभर दुसऱ्याच्या नावान 'ओ' म्हणत रवलास!"

ती नारळ सोलत होती. हात थांबले. मग हळूच म्हणाली, "मगे माझा घाल थंय. तुझा काढ आणि माझा घाल. मी सांगतंय तेंका, मी होतंय." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

दवाखान्याचं कार्ड सापडलं. त्यावर भरती झाल्याचा दिवस होता, मुलगी जन्मल्याची वेळ होती. वकील खूश झाले. "सुटलात तुम्ही," म्हणाले. सासू त्यांच्या ऑफिसच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आणि माझा नाव कधी घालतास?" वकील हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजींना यात आणू नका. उगाच या वयात आरोपी व्हायच्या. तुम्ही दवाखान्यात होता, एवढंच आपण सांगायचं. नाव कोणी दिलं ते आपल्याला माहीत नाही."

बाकीच्या बायकांना मी घरोघर जाऊन सांगितलं. वाटलं होतं कोणी तोंड वाकडं करील. कोणी केलं नाही. "जा बाय, सुट तू तरी," म्हणाल्या. त्या इतक्या थकलेल्या होत्या की त्यांना माझा हेवा करायचीसुद्धा ताकद नव्हती.

नाव वगळायच्या अर्जाच्या सुनावणीला मी एकटीच जाणार होते. पण सासू आधीच एसटीच्या थांब्यावर जाऊन बसलेली. कोर्टात वकिलांनी कार्ड दाखवलं, सरकारी वकिलांनी ते उलटसुलट करून बघितलं, हरकत नाही म्हणाले. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून सासू उठली.

"सायबा, ती नव्हती. मी होतंय थंय. गाडीसमोर मी बसललंय."

न्यायाधीशांनी वर बघितलं. "या कोण?"

"घरच्याच आहेत साहेब," आमचे वकील घाईघाईने म्हणाले. "वय झालंय. वयामुळे जरा होतं असं."

"आजी, बसा," न्यायाधीश म्हणाले. प्रेमानेच म्हणाले.

सासूने माझ्याकडे बघितलं. मी बोलेन असं तिला वाटलं होतं. मी बोलले असते तर तिला आरोपी केलं असतं, आणि अर्ज लांबून माझी नोकरीही गेली असती. दोन्ही खरं आहे. यातलं कुठलं कारण आधी मनात आलं ते मला विचारू नका. मी समोर बघत राहिले. ती गुडघ्यावर हात टेकून खाली बसली.

माझं नाव वगळलं गेलं. हुकुमाची प्रत जोडून पुन्हा अर्ज केला, पुन्हा सर्व्हर बसला, पुन्हा फोटो मोठा झाला. शाळा उघडून गेल्या होत्या, पण वसतिगृहाच्या बाईंनी शब्द पाळला होता. दाखला आला तो पाऊस लागून राहिलेला दिवस होता. केंद्रातल्या मुलीने छापून दिला, मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पदराखाली धरून घरी आणला.

मी इतकी आनंदात होते की नवरा यायची वाट न बघता सासूलाच वाचून दाखवला. सदर व्यक्तीविरुद्ध पोलीस अभिलेखावर कोणताही गुन्हा नोंद नाही. तिला 'अभिलेख' कळला नाही, म्हणून मी साध्या भाषेत सांगितलं, "माझ्या नावार आता कायच नाय."

"बरा झाला," ती म्हणाली. खरोखर तिला बरं वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि माझ्या नावार?"

"तुमच्या नावार पण कायच नाय."

"कायच नाय?"

"नाय आई. काळजी करू नका."

तिने दाखला हातात घेतला. तिला वाचता येत नाही. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं, कागद उलटा करून मागे बघितलं.

"मगे त्या दिसा आमच्या घरातला कोणच गेला नव्हता काय?" तिने विचारलं.

  बाहेर पन्हाळीचं पाणी नुसतं कोसळत होतं.

ती कागद परत देत म्हणाली, "माझो पण काढ गो असो एक दाखलो. मी थंय होतंय म्हणान लिवलेलो. पैसे माझे घाल."

असला दाखला कुठेच मिळत नाही, हे मला तिला सांगवेना. "बरा," मी म्हटलं, "सोमवारी केंद्रात इचारतंय."